न रडणाऱ्या बाळांचा व्हरांडा

आमच्या हायस्कूलच्या मागच्या व्हरांड्यात त्या वर्षी सात झोळ्या टांगलेल्या असत. हायस्कूलात झोळ्या कशाला, असं वाचणाऱ्याला वाटेल, म्हणून ते आधी सांगतो.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. गाव आळंद तालुक्यातलं, बरंच मोठं. शाळा मराठी माध्यमाची, आठवी, नववी, दहावी असे तीन वर्ग, सात शिक्षक. मी गणित शिकवायचो आणि नववीचा वर्गशिक्षक होतो. आमचा मुलूख तुरीचा. खुरपणीपासून तूर कापेपर्यंत बायका उजाडताच रानात जात. घरात तान्हं लेकरू असलं तर ते थोरल्या मुलीनं सांभाळायचं, हे न बोलता ठरलेलं असे. त्यामुळं पावसाळा लागला की माझ्या हजेरीतल्या मुली गळायला लागत आणि थेट होळीच्या सुमाराला परत उगवत. तोवर अर्धा अभ्यासक्रम होऊन गेलेला असे. वार्षिक परीक्षेत त्या नापास होत आणि आईबाप म्हणत, बघा, पोरीला शिकून काय उपयोग.

आमचे मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, नंतर मराठीत आलेले, आणि मुलींनी शिकावं हे मनापासून वाटणारे. त्यांनीच एक वर्ष आधी गावात सांगितलं की मुलींनी खुशाल भावंडाला घेऊन शाळेत यावं. मागच्या व्हरांड्याच्या वाशांना झोळ्या बांधाव्यात, मधल्या सुट्टीत जाऊन बघावं, दूध पाजावं. अट एकच. बाळ रडता कामा नये. तीन वर्ग एकमेकांना लागून होते, मधे नुसत्या पत्र्याच्या भिंती. एक बाळ रडलं की तिन्ही वर्ग बंद पडत. म्हणून बाळ रडलं की त्या मुलीनं त्याला घेऊन घरी जायचं, आणि त्या दिवसाची तिची गैरहजेरी.

या योजनेचा गुण आला. शाळेतल्या तेवीस मुलींपैकी तुरीच्या हंगामात पूर्वी नऊ-दहा येत, त्या वर्षी अठराच्या खाली संख्या उतरली नाही. टक्केवारी काढायचं काम माझ्याकडंच होतं, म्हणून हे आकडे अजून तोंडपाठ आहेत. तपासणीला आलेल्या साहेबांनी आमच्या शाळेचं नाव दुसऱ्या शाळांत घेतलं, असंही कानावर आलं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. घराणं मूळचं मेंढरं राखणारं, पण मेंढरं केव्हाच विकून झाली होती. बाप सोलापूरला गोदामात हमाली करायचा, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. आई रोजानं रानात जायची. मुलगी गणितात तल्लख. व्यवहारी अपूर्णांक मी फळ्यावर मांडेपर्यंत तिचं उत्तर तयार असे. तिचा भाऊ चार-पाच महिन्यांचा होता तेव्हा ती त्याला घेऊन यायला लागली. पहिल्या महिन्यात चार वेळा तिला घरी जावं लागलं, कारण पोरगं भोकाड पसरायचं. ती दप्तर एका खांद्याला आणि बाळ दुसऱ्या खांद्याला अडकवून फाटकातून जायची, तेव्हा मागं वळून बघायची सुद्धा नाही. तिच्या आईनं तिला स्पष्ट बजावलं होतं, की असं बाळ घेऊन माघारीच यायचं असेल तर शाळा सोड, घरी बस, निदान स्वयंपाक तरी होईल. वर्गातल्या सगळ्यांना हे माहीत होतं, कारण तिनंच ते सांगितलं होतं. बाळ गप्प राहिलं तर तिची शाळा राहणार होती, नाही तर नाही.

आणि बाळ गप्प राहायला लागलं. दिवाळीनंतर त्याचा आवाज म्हणून आला नाही. सकाळी तिनं झोळीत घातलं की मधल्या सुट्टीपर्यंत ते झोपलेलं, आणि सुट्टीनंतर परत शाळा सुटेपर्यंत. बाकीच्या झोळ्यांतलीही बहुतेक बाळं तशीच. मराठी शिकवणाऱ्या बाई जाता-येता त्याच्या गालाला बोट लावत आणि म्हणत, काय गुणी बाळ आहे, नाही तर आमची. मीही घरी बायकोला हेच ऐकवलं. आमचा धाकटा तेव्हा दोन वर्षांचा होता आणि घर डोक्यावर घ्यायचा. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग बदलून आणा की तुमच्या शाळंतलं."

त्याच हिवाळ्यात शिक्षण खात्याचं परिपत्रक आलं. शहरांत विद्यार्थ्यांमध्ये मादक पदार्थांचं व्यसन वाढत आहे, तरी प्रत्येक हायस्कूलनं याबद्दल माहितीचा एक कार्यक्रम घ्यावा, आणि कुणा विद्यार्थ्याजवळ असा पदार्थ आढळला तर त्याचं नाव ताबडतोब पटावरून कमी करून वर कळवावं, असा त्याचा सारांश. शिक्षकांच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर आम्हाला ते आमच्यासाठी वाटलंच नाही. मादक पदार्थ म्हणजे मुंबईची, बेंगळूरची कॉलेजातली पोरं, लांब केसांची. आमच्याकडं शिंदी होती, कुठं देवस्थानाच्या कट्ट्यावर गांजाची चिलीम होती, पण ती म्हाताऱ्यांची. हिंदीचे सर म्हणाले, मग पीटी सरांच्या तंबाखूच्या चंचीचं काय करायचं, कळवायचं का वर? पीटी सरांनी चंची विजारीच्या खिशात सारली आणि सगळे हसलो. कार्यक्रमाची जबाबदारी माझ्यावर आली. गुलबर्ग्याच्या अबकारी खात्यातून एक निरीक्षक येऊन भाषण देतील असं ठरलं.

आदल्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी सूचना दिली. गणवेश धुतलेला हवा, पुढच्या अंगणात सडा हवा, आणि मागच्या व्हरांड्यातून एकसुद्धा आवाज येता कामा नये. ज्यांना बाळाची खात्री नसेल त्यांनी उद्या येऊ नये. हे शेवटचं वाक्य ते मुलींच्या रांगेकडं बघून म्हणाले. रागानं नव्हे, नेहमीच्याच सुरात.

दुसऱ्या दिवशी सातही झोळ्या भरलेल्या होत्या आणि व्हरांडा अगदी शांत होता.

निरीक्षक जीपमधून आले. अंगानं भरलेले, पन्नाशीचे, कानडी बोलणारे. पण हुमनाबादला बरीच वर्षं काढल्यामुळं मराठी आमच्यासारखीच बोलत. त्यांनी सोबत लाकडाची एक पेटी आणली होती. आत कापसावर काचेच्या बंद नळ्या. एकीत गांजा, एकीत चरस, एकीत अफू, एकीत कसल्या कसल्या गोळ्या. तिन्ही वर्ग अंगणात बसवले होते. निरीक्षकांनी सोप्या भाषेत चांगलं समजावलं. ही चीज शरीरात शिरली की शरीर तिचं गुलाम कसं होतं, ती मिळाली नाही तर माणूस कसा तडफडतो, आणि जास्त झाली तर श्वास कसा हळूहळू थांबतो. मग त्यांनी नळ्या रांगेनं फिरवायला दिल्या, की नीट बघून ठेवा, कुणी असलं काही दिलं तर ओळखता आलं पाहिजे.

पोरांनी नळ्यांना नाकं लावून बघितली. एकानं चक्कर आल्याचं सोंग केलं, त्याला मी डोळे वटारले. मग नळ्या मुलींच्या रांगेत गेल्या. अफूची नळी माझ्या वर्गातल्या त्या मुलीच्या हातात आली. तिनं ती उजेडाकडं धरली, आतला काळपट गोळा बघितला आणि हात वर केला. प्रश्न विचारायला मीच सांगितलं होतं, म्हणून मी मान हलवली.

ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ही तर बाळगोळी हाय."

मागच्या पोरांत खसखस पिकली. निरीक्षकही हसले. तू कुठं बघितलीस, असं त्यांनी विचारलं.

"बाजारातून आणतो की आमी. बाळाला देतो. माझ्यापाशी हाय." आणि तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडून त्यातून कागदाची बारीक पुडी काढली. पुडीत ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी अशी एक काळी गोळी होती. निरीक्षकांनी ती बोटावर घेतली, हुंगली, नखानं तिचा कण काढून जिभेला लावला. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. मी त्यांच्या अगदी शेजारी उभा होतो.

"रोज देतेस?" त्यांनी विचारलं.

"रोज अर्धी. ही उद्याची हाय. आज सायेब येणार म्हणून सगळी दिली."

हे तिनं शहाण्या विद्यार्थिनीनं उत्तर द्यावं तसं सांगितलं. चूक केल्याचा भाव तिच्या तोंडावर कुठंच नव्हता. सूचना झाली होती, ती तिनं पाळली होती. निरीक्षक पाच मिनिटांपूर्वी जे सांगत होते, जास्त झाली तर श्वास थांबतो, ते वाक्य माझ्या कानात अजून होतं.

आम्ही दोघंही मागं धावलो. तिसऱ्या झोळीत ते बाळ होतं. ओठ निळसर, अंग सैल. मी उचललं तर मान मागं पडली. निरीक्षकांनी त्याची पापणी वर केली. बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. छातीवर हात ठेवला तर श्वास होता, पण एका श्वासानंतर दुसरा येईल की नाही याची वाट बघावी लागत होती. मुलगी आमच्यामागं येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, झोपलंय सर. मग माझ्या तोंडाकडं बघून तिनं ते परत म्हटलं नाही.

गावच्या आरोग्य केंद्रात त्या दिवशी डॉक्टर नव्हते, नर्स होत्या. त्यांनी डोळे बघितले आणि म्हणाल्या, गुलबर्ग्याला न्या, इथं माझ्याकडं यावर काही नाही, आणि वाटेत झोपू देऊ नका. निरीक्षकांनी जीप सुरू करायला लावली. पुढं ड्रायव्हर आणि निरीक्षक, मागं मी आणि ती मुलगी, माझ्या मांडीवर बाळ. निरीक्षक पुढच्या सीटवरून उलटे वळून बसले होते. ते बाळाच्या तळपायाला टिचक्या मारत, तोंडावर फुंकर घालत आणि सारखं म्हणत, "एळु कंदा, एळु." ऊठ बाळा, ऊठ. खाकी वर्दीतल्या त्या जाडजूड माणसाच्या मिशांवरून घाम ओघळत होता. टिचकी मारली की बाळ एक श्वास घ्यायचं. थांबलं की थांबायचं. त्या रस्त्यावरचे खड्डे मला एरवी शिव्या देण्यासारखे वाटत. त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला बाळ दचकायचं आणि मला बरं वाटायचं.

मुलगी एकच गोष्ट विचारत होती. "सर, आईला सांगणार का?" मी बाळाची मान सावरून धरली. तिला बाळाचं काय झालंय ते कळलं नव्हतं असं नाही. पण आईला कळलं की शाळा संपली, हेही तिला त्याच वेळी कळलेलं होतं, आणि दोन्ही तिच्या तोंडावर दिसत होतं.

गुलबर्ग्याच्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन होतं. ते दिलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. थोड्या वेळानं बाळ हललं, मग रडलं. असं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. डॉक्टर तरुण होते, चिडलेले. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे बाळ आता वाचेल, पण त्याला सवय लागलेली आहे. गोळी तुटली की ते काही दिवस असंच रडेल, थरथरेल, नाक गळेल, पोट बिघडेल, आणि ते सगळं औषधानं हळूहळू उतरवावं लागेल. मी विचारलं, सवय म्हणजे? ते म्हणाले, व्यसन म्हणा हवं तर. आठ महिन्यांच्या लेकराला व्यसन. मी परिपत्रकातली लांब केसांची कॉलेजची पोरं डोळ्यापुढं आणली होती, आणि आमच्या शाळेतला तो व्यसनी दूध पीत होता.

दुपारच्या बसनं मुख्याध्यापक मुलीच्या आईला घेऊन आले. बाई सरळ रानातून आली होती, साडीला तुरीचा पाला चिकटलेला. बाळाला बघून तिनं आधी त्याला छातीशी धरलं आणि मग मुलीच्या पाठीत एक धपाटा घातला. डॉक्टर तिच्यावर ओरडले. मग दवाखान्याच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो, मुख्याध्यापक, निरीक्षक, मी आणि ती बाई. मुलगी दोन पायऱ्या खाली. निरीक्षकांनी समजावलं की शंभरावर विद्यार्थ्यांसमोर मुलीजवळ अफू सापडली आहे, नियमाप्रमाणं अहवाल द्यावा लागेल, आणि शाळेला तिचं नाव कमी करावं लागेल. मुख्याध्यापक मान खाली घालून म्हणाले, नियम आहे खरा. मी म्हणालो की मुलीनं नशेसाठी बाळगलेली नाही. निरीक्षक म्हणाले, नियमात कशासाठी असं विचारलेलं नाही.

तेव्हा ती बाई मुख्याध्यापकांकडं वळली. आवाज चढवला नाही.

"सर, तुमीच म्हणलाव न्हवं, रडणारं लेकरू शाळंत चालणार न्हाई? मग म्या रडू दिलं न्हाई. गोळी आणून पोरीच्या हाती दिली, तेवढंच केलं. माझं काय चुकलं ते सांगा."

मुख्याध्यापकांचा चेहरा मी पंधरा वर्षं बघत होतो, तसा कधी बघितला नव्हता. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. हंगामात अठराच्या खाली न गेलेली ती हजेरी, साहेबांनी केलेलं कौतुक, शांत व्हरांडा, हे सगळं कशानं झालं ते आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळत होतं. आणि त्या माणसाच्या मनात वाईट काहीच नव्हतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

निरीक्षकांनी घाम पुसला. मग मुख्याध्यापकांना कानडीत म्हणाले की मुलीचं नाव लिहायचं तर गोळी का दिली तेही लिहावं लागेल, आणि ते लिहिलं तर तिच्या नावाच्या आधी तुमचं नाव येईल. तसं लिहायची माझी इच्छा नाही. गोळी विकणाऱ्याला मी बघतो. मुलीला शाळेत येऊ द्या. मुख्याध्यापकांनी बाईला त्यातलं एवढंच मराठीत सांगितलं, की पोरीला पाठवत जा.

"आन् रडलं तर?" बाईनं विचारलं.



दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी घरी सगळं सांगितलं. बायकोनं तोंडावर हात ठेवला. माझी आई ओसरीत कापसाच्या वाती वळत होती, तिनं वळायचं थांबवलंसुद्धा नाही.

"कामून एवढं तोंड पाडून बसलास? तुला बी दिलेली हाय. दोन वर्सं."

मला आधी कळलंच नाही. मी परत विचारलं.

"मग काय करू? मेंढरामागं जायचं व्हतं. तुला पाठीला बांधून किती पळू? तवा सरकारी दुकानात मिळायची, परवान्याची. आता चोरून इकतेत, भेसळ करतेत म्हणून असं व्हतंय." आणि माझ्याकडं बघून हसली. "मेलास का? सर झालास की."

आम्ही चौघं भावंडं. माझ्या आधी एक बहीण होती, ती सहा महिन्यांची असताना गेली. घरात तिचं नाव निघालं की आई एवढंच म्हणायची, झोपेतच गेली. लहानपणापासून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यात काही असतं हे मला कधी वाटलं नव्हतं. त्या सकाळी ते ओसरीत कुणी म्हटलं नाही. पण आईचा हात कापसावर थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मग चुलीवर दूध आहे म्हणून उठून आत गेली. मी काही विचारलं नाही, आणि पुढंही कधी विचारलं नाही.

सोमवारी मी आणि मराठीच्या बाई उरलेल्या सहा मुलींशी एकेकीशी बोललो. शिक्षा होणार नाही असं आधी सांगितलं. चौघी म्हणाल्या, देतो. एक म्हणाली, आमचं मुळातच झोपाळू आहे. एक काहीच बोलली नाही. म्हणजे सातातल्या निदान पाच बाळांना आमच्या व्हरांड्यात रोज अफू चालू होती आणि आम्ही पलीकडं समीकरणं सोडवत होतो. बाईंना त्या दिवशी तास घेता आला नाही. त्या रिकाम्या वर्गात बसून राहिल्या आणि म्हणाल्या, मी त्याच्या गालाला बोट लावत होते हो.

बैठकीत दोन तट पडले. हिंदीचे सर म्हणाले, झोळ्या बंद करा, शाळा आहे की बाळंतिणीचा वॉर्ड? पीटी सर म्हणाले, मग मुलीही बंद होतील. मी आकडे सांगितले. त्यावर हिंदीचे सर म्हणाले, त्या आकड्यांचंच तर हे झालं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी मुख्याध्यापकच बोलले. ते म्हणाले, झोळ्या राहतील. अट काढली. बाळं रडतील, आपण मोठ्यानं शिकवू. ज्याला चालत नसेल त्यानं झाडाखाली वर्ग घ्यावा. ते खाली बसले आणि कुणी विरोध केला नाही.

पण बातमी गावात पोचली होती, आणि ती वेगळ्याच रूपात पोचली होती. शाळेत पोलीस येऊन बायांची नावं लिहून घेणार असं झालं. तीन मुली दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो, दारातूनच परत पाठवलं. आठवडी बाजारात मुळ्या आणि काढ्यांच्या पुड्या विकणारी एक म्हातारी बसायची, तिच्याकडं गोळी मिळायची म्हणत. निरीक्षक आले तेव्हा तिची जागा रिकामी होती आणि शेजारचे कांदेवाले म्हणाले, इथं कुणी बसतच नव्हतं.

ती मुलगी मात्र आली. दहा दिवसांनी, बाळ कडेवर घेऊन. डॉक्टरांनी थेंब दिले होते, दर काही दिवसांनी एकेक थेंब कमी करायचा. आई पुन्हा रानात जायला लागली होती. पहिले तीन आठवडे ते बाळ ज्या तऱ्हेनं रडलं, ते आमच्या सगळ्या शाळेनं ऐकलं. भुकेचं रडणं नव्हे. जांभया देत, नाक गाळत, अंग ताठ करून ते ओरडायचं. पोरांना निरीक्षकांचं भाषण आठवत होतं का ते मला माहीत नाही, पण कुणी हसत नव्हतं. मुलगी बाळाला घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालायची आणि खिडकीतून फळ्याकडं बघायची. मी गणित मोठ्या अक्षरात लिहायला लागलो. कधी ती खिडकीबाहेरूनच उत्तर सांगायची, बाळाच्या रडण्याच्या वर आवाज काढून. एकदा शेजारच्या वर्गातून हिंदीचे सर तणतणत आले, खिडकीशी थांबले, थोडा वेळ बघितलं आणि त्यांनी बाळ तिच्याकडून घेतलं. म्हणाले, जा, बस आत, माझी पोरं कविता लिहून घेतायत.

वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपरला पर्यवेक्षक मीच होतो. व्हरांड्यात तेव्हा चार झोळ्या होत्या. पेपर सुरू झाल्यावर दोन बाळं रडली, एक गप्प झालं, दुसऱ्याला त्याच्या बहिणीनं बाहेर जाऊन थोपटलं. मग शांतता झाली. नुसता पेनांचा आवाज. एरवी पर्यवेक्षकाला अशी शांतता हवीच असते. मी मात्र वर्ग सोडून व्हरांड्यात गेलो. एकेका झोळीत वाकून बघितलं. त्या बाळाच्या झोळीशी आलो. ते पालथं झोपलं होतं, हलत नव्हतं. श्वास चालू होता, पण माझं समाधान होईना. मी त्याची पापणी वर करून बघितली. बाहुली नीट होती. तरीही मी त्याच्या तळपायाला टिचकी मारली.

त्यानं असं भोकाड पसरलं की सगळ्या वर्गानं मान वर केली.

"सर, झोपला व्हता की त्यो," ती आतून म्हणाली. "कामून उठविलाव?"

वर्ग हसला. ती पेन ठेवून उठायला लागली. मी तिला खूण केली की बस, लिही. तिची दोन गणितं राहिली होती. मी बाळाला उचलून खांद्यावर घेतलं आणि व्हरांड्यात फिरायला लागलो. त्यानं माझा सदरा ओला केला, कान ओढला आणि घंटा होईपर्यंत माझ्या कानाशी रडत राहिलं. मी त्याला गप्प करायच्या भानगडीत पडलो नाही.